एकाच पानावर सहा दोन

दर रविवारी सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या गिटार क्लासला आठवीतली एक मुलगी येते. तिला स्कूटरवरून सोडायला तिचे आजोबा येतात आणि परत न जाता कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत तासभर ऐकत बसतात. भजनी मंडळात त्यांनी वर्षानुवर्षं पेटी वाजवलीय, गांधर्वच्या परीक्षा दिल्यात. आपल्या रागसंगीताची भातखंडे लिपी ते पेपर वाचावा तशी वाचतात. मागच्या महिन्यात त्यांनी नातीच्या स्टँडवरचं पान उचललं, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काय हो सर, ह्या एका पानावर सहा तऱ्हेचे दोन आहेत. कुठला दोन कशाचा म्हणायचा?"

मी मोजले. खरोखरच सहा होते. सुरुवातीला चारच्या डोक्यावर बसलेला दोन, सुराच्या डावीकडे चिकटलेला बारीक दोन, गोलात कोंडलेला दोन, घड्याळाच्या तबकडीवर असतो तसा रोमन दोन, खालच्या सहा रेघांवर लिहिलेला दोन आणि शेवटच्या ओळीवर कंसाखाली टिंब देऊन छापलेला दोन. इतकी वर्षं शिकवतोय, पण नवख्या माणसाला हे पान कसं दिसत असेल ते मी विसरूनच गेलो होतो. हा लेख म्हणजे आजोबांना पुढच्या तीनचार रविवारी दिलेलं उत्तर, थोडं नीट करून.

आधी हे आकडे लागतातच कशाला, ते पाहू. पाश्चात्त्य लिपीतल्या पाच रेघा एवढंच सांगतात की कुठला सूर वाजवायचा आणि किती वेळ. पेटीवाल्याला तेवढं पुरतं. मधल्या सप्तकातली पांढरी तीन म्हटली की ती पट्टी एकच, बोट दुसरीकडे जाणारच नाही. गिटारचं तसं नाही. तिच्या सहा मोकळ्या तारा जाड तारेपासून बारीक तारेकडे पेटीच्या भाषेत सांगायच्या तर पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा वरच्या सप्तकातली तीन. आता ही वरची पांढरी तीन घ्या. पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की ती वाजते. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या पाचव्या पडद्याला वाजते. तिसऱ्या तारेवर नवव्या, चौथ्या तारेवर चौदाव्या. पाचव्या तारेवर एकोणिसाव्या फ्रेटलाही ती आहे, पण तिथवर बोट न्यायची वेळ क्वचितच येते. सूर एक, घरं पाच. पाच रेघांवर मात्र त्या सुराचा काळा ठिपका एकाच जागी बसतो. घराचा पत्ता त्यात नाही.

तो पत्ता सांगायला बाकीची सगळी चिन्हं ठिपक्याभोवती गोळा होतात. गोलातला आकडा म्हणजे तार. बारीक तार पहिली, जाड तार सहावी. बिनगोलाचा बारीक आकडा म्हणजे डाव्या हाताचं बोट: तर्जनी १, मध्यमा २, अनामिका ३, करंगळी ४. अंगठा मानेमागे असतो म्हणून त्याला नंबर नाही. शून्य म्हणजे मोकळी तार. पियानोवाले अंगठ्यापासून मोजतात, त्यांची तर्जनी २ असते. त्यामुळे कीबोर्ड सोडून गिटारकडे आलेली मुलं पहिले आठ दिवस एक बोट पुढेच असतात.

रोमन आकडा म्हणजे पोझिशन. पहिलं बोट कुठल्या फ्रेटवर उभं आहे, ते तो सांगतो. रोमन दोन दिसला की तर्जनी दुसऱ्या फ्रेटपाशी, मध्यमा तिसऱ्या, अनामिका चौथ्या, करंगळी पाचव्या. चार बोटं, चार फ्रेट. रोमन आकड्याआधी मोठा 'सी' असेल तर त्या फ्रेटवर तर्जनी आडवी झोपवून बऱ्याच तारा एकदम दाबायच्या. आपल्याकडची मुलं त्याला 'बार कॉर्ड' म्हणतात. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे सूर. तो 'सी' स्पॅनिश 'सेखा' शब्दातला. सेखा म्हणजे भुवईसुद्धा. आडवं बोट आणि भुवई, कल्पना वाईट नाही. 'सी'वर उभी काट मारलेली असली किंवा शेजारी अर्धा लिहिलेला असला तर सगळ्या तारा दाबायच्या नाहीत, थोड्याच. पुढे तुटक रेघ असेल तर ती संपेपर्यंत बोट उचलायचं नाही.

उजव्या हाताला आकडे नाहीत, अक्षरं आहेत. पी, आय, एम, ए. तीही स्पॅनिशच: पुल्गार, इंदिसे, मेदियो, आनुलार. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका. आनुलार म्हणजे अंगठीचं बोट. तेच बोट आपल्याकडे अनामिका, म्हणजे बिननावाचं! आजोबांना ते भारी आवडलं.

स्वतःची फजिती इथेच सांगून टाकतो. मी शिकायला लागलो तेव्हा झेरॉक्सची झेरॉक्स मिळायची आणि गोलांचा अर्थ सांगणारं कोणी नव्हतं. गोल म्हणजे त्या बोटावर जोर द्यायचा, असा शोध मी स्वतःच लावला होता. गोलातला ३ आला की अनामिका जीव खाऊन दाबायची. एक अख्खी चाल मी तशी बसवली. सूर बरोबर यायचे, कारण सूर रेघांवरून कळत होता. पण हात खेकड्यासारखा वाकडा चालायचा आणि मला वाटायचं, गिटार अवघडच असते.

आजोबांनी तक्रार केली, की एकाच आकड्याला इतके अर्थ देणं हा अडाणीपणा आहे. मी त्यांना त्यांचीच वही उघडायला लावली. भातखंडे लिपीत तीनतालाखाली काय लिहितात? समेला फुली, मग २, मग शून्य, मग ३. तो २ म्हणजे दुसरी टाळी, शून्य म्हणजे खाली. गिटारच्या पानावर शून्य म्हणजे मोकळी तार. आजोबांचा त्या २ बाबतीत आयुष्यात कधी घोटाळा झाला नाही, कारण तो कुठे बसतो हे डोळ्यांना ठाऊक आहे.

आणि आपल्या दोन लिप्या तरी एकमेकींशी कुठे पटवून घेतात? भातखंडे लिपीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक, वर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत टिंब वर आलं की मंद्र, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे लिपीत 'म' या स्वरावर आली की तो तीव्र. पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, म्हणजे ही भानगड आपल्याच पंचक्रोशीतली. पुस्तक कुठल्या लिपीत आहे हे न बघता गायला बसलात तर सप्तकच उलटं होईल. पाच रेघांवर टिंबाचं आणखी तिसरंच. सुराच्या पुढे टिंब आलं तर सूर दीडपट लांब, सुराच्या डोक्यावर किंवा खाली आलं तर तो तोडून आखूड वाजवायचा.

सप्तकाचा विषय निघालाच आहे तर गिटारची एक जुनी लबाडी सांगतो. गिटारचं पान जे लिहितं, त्याहून गिटार एक सप्तक खाली वाजते. पानाच्या सुरुवातीला जी वेटोळी ट्रेबल क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते ठरवणारी खूण) असते, तिच्या शेपटीला पुष्कळदा छोटासा ८ लटकलेला असतो. तो हेच सांगतो: आठ स्वर खाली उतरा. कित्येक प्रकाशक तो ८ छापतही नाहीत, गिटारवाल्याला माहीत असतं म्हणून. असं का केलं? खरा सूर जसाच्या तसा लिहिला तर सर्वांत जाड तार मोकळी वाजवण्यासाठी पाच रेघांखाली सात जादा रेघा ओढाव्या लागतात. वाचणाऱ्याने रेघा मोजायच्या की वाजवायचं? खालच्या सुरांची क्लेफ घेतली तर वरच्या तारांचे सूर रेघांबाहेर उड्या मारतात. मग पियानोसारख्या पाच पाच रेघांच्या दोन पट्ट्या कराव्या लागतील, आणि वाद्य तर एवढंसं. एक सप्तक वर लिहिलं की जाड मोकळी तार तीन जादा रेघांखाली बसते, बारीक मोकळी तार सर्वांत वरच्या घरात, आणि सगळं एका पट्टीवर मावतं. नुकसान एकच. बासरीवाल्याने तुमचं पान उचलून वाजवलं तर तो तुमच्या डोक्यावरून एक सप्तक वर निघून जातो. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला हे एकदा अनुभवलंय.

आता मला जो भाग सर्वांत सुंदर वाटतो तो. सुराच्या ठिपक्याला जी काठी असते ती कधी वर जाते, कधी खाली. एकाच सुरावलीच्या पानात काठीची दिशा नुसती दिसायला बरी म्हणून ठरते. गिटारच्या पानात मात्र एकाच पट्टीवर दोन माणसं गात असतात. काठी वर असलेले सूर म्हणजे चाल, खाली असलेले म्हणजे अंगठ्याने वाजवायचा खर्ज. समजा दोन मात्रांचा एक बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा आहे. खाली काठीचा एक पोकळ सूर आहे, तो दोन्ही मात्रा टिकायचा. वर त्याच वेळात अर्ध्या अर्ध्या मात्रेचे चार सूर आहेत. वर पहिल्या अर्ध्या मात्रेला सूर नसेल तर तिथे विरामाचं चिन्ह असतं. नवखा माणूस ते बघून थांबतो, हात उचलतो आणि खर्जाचा गळा दाबतो. विराम फक्त वरच्या गायकाचा असतो, खालचा गातच असतो! भजनात मृदंगवाल्याने बोलांमध्ये जागा सोडली म्हणून टाळकरी काही थांबत नाहीत.

कधी एकाच ठिपक्याला दोन्ही बाजूंनी काठ्या फुटलेल्या दिसतात. छपाईची चूक नाही ती. तो सूर खर्जाचाही आहे आणि चालीचाही. छेडायचा एकदाच, पण वरच्या हिशोबाने तो अर्धी मात्रा आणि खालच्या हिशोबाने दोन मात्रा. म्हणजे बोट दोन्ही मात्रा तिथेच ठेवायचं. काठ्यांचा खरा अर्थ डाव्या हातासाठी असा निघतो: कुठलं बोट कधीपर्यंत उचलायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांचं वाजवणं तुटक येतं ते या एका कारणाने. सूर बरोबर असतात, पण बोटं घाई करतात.

कमानींचंही असंच. दोन सारख्या सुरांना जोडणारी कमान म्हणजे दुसरा सूर छेडायचा नाही, पहिलाच लांबवायचा. दोन वेगळ्या सुरांना जोडणारी कमान म्हणजे पहिला छेडायचा आणि दुसरा डाव्या हातानेच काढायचा, बोट आपटून किंवा बोटाने तार ओढून सोडून. मुलं याला हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ म्हणतात. आजोबांना वरची कमान बघून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आठवली, आणि भातखंडे लिपीप्रमाणे ते बरोबरच होतं. पण मिरजेच्या सतारीवर पडद्यावर तार ओढून जी मींड येते, तिचं गिटारवरचं भावंड म्हणजे बेंड. ते इलेक्ट्रिक गिटारच्या पानांवर वर वळणाऱ्या बाणाने दाखवतात आणि बाणाच्या टोकाशी 'फुल' किंवा 'अर्धा' लिहितात. फुल म्हणजे सा ते शुद्ध रे इतकं अंतर.

अक्षरांचा गोंधळ आकड्यांपेक्षा कमी नाही. 'सी' म्हणजे आडवं बोट. ओळीच्या वर ठळक छापलेला 'सी' म्हणजे कॉर्ड. अगदी सुरुवातीला क्लेफशेजारचा 'सी' म्हणजे चार मात्रांचा ताल. 'पी' म्हणजे अंगठा, आणि 'पी' म्हणजेच हळू आवाजात. दुसरा 'पी' इटालियन पियानो शब्दातला. चांगला छापणारा असेल तर आवाजाचा पी जाड, तिरका आणि पट्टीच्या खाली ठेवतो, बोटाचा पी बारीक आणि सुराच्या जवळ. वाईट छापणारा दोन्ही एकाच टाइपात टाकतो आणि मग मुलं अंगठ्याने हळू वाजवतात.

खालच्या सहा रेघा म्हणजे टॅब. नवी पद्धत म्हणून लोक तिला नाकं मुरडतात, पण व्हेनिसच्या पेत्रुच्ची नावाच्या छापखानेवाल्याने १५०१ साली सुटे टाइप वापरून बहुसुरी संगीत छापलं आणि १५०७ साली ल्यूट या गिटारसारख्या जुन्या तंतुवाद्याच्या टॅबचं पुस्तकही काढलं. टॅबमध्ये रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे फ्रेट. वरची रेघ बारीक तार. इथे सगळे अडखळतात, कारण गिटार मांडीवर घेऊन खाली पाहिलं तर बारीक तार जमिनीकडे असते. कागद उंच सूर वर ठेवतो, हात त्याला खाली ठेवतो. सोळाव्या शतकातल्या इटालियन टॅबमध्ये हे आजच्या बरोबर उलटं होतं, जाड तार वर. कॉर्डचा चौकोन तर तिसरीच बाजू दाखवतो: तिथे गिटार भिंतीला उभी टेकवलेली आणि तोंड तुमच्याकडे, डावीकडची उभी रेघ जाड तार. स्ट्रमिंगचे, म्हणजे तारांवरून एकदम हात फिरवायचे बाण याच कारणाने फसवतात. पट्टीवर वर जाणारा बाण म्हणजे खर्जाकडून वरच्या सुरांकडे, आणि त्यासाठी हात जातो खाली. बाणाचं टोक आकाशाकडे, हात जमिनीकडे. हे मी फळ्यावर दर वर्षी नव्याने लिहितो.

टॅब जागा दाखवते, पण मात्रा बहुतेकदा दाखवत नाही आणि वरच्या दोन गायकांना वेगळं करत नाही. म्हणून पाच आणि सहा रेघा एकाखाली एक छापलेलं पान मला आवडतं. वरून काळ घ्यायचा, खालून जागा.

पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे पोकळ ठिपके म्हणजे हार्मोनिक्स, तार न दाबता फ्रेटवर नुसतं बोट टेकवून काढलेला घंटेसारखा सूर. बाराव्या फ्रेटवर सूर एक सप्तक वर जातो, पाचव्यावर दोन सप्तकं. कोणी संपादक वाजणारा सूर लिहितो, कोणी बोट टेकवायची जागा. सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक जागेप्रमाणे लिहिला तर पांढरी सहा दिसेल, आणि कानाला मात्र पांढरी तीन ऐकू येईल, दोन सप्तकं वरची. पुस्तकाच्या सुरुवातीची चिन्हांची यादी वाचल्याशिवाय हे उकलत नाही, आणि ती यादी कोणी वाचत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या पानात ती नसतेच.

हल्ली मी पानं स्वतः कॉम्प्युटरवर मांडतो. म्यूझस्कोर फुकट आहे आणि शिकायला सोपं. लिलीपाँडही फुकटच, पण त्यात माऊस नाही, सगळं टाइप करायचं. गंमत अशी की तिथेही सुरापुढे आडवी रेघ आणि २ टाइप केलं तर दुसरं बोट, उलटी तिरपी रेघ आणि २ टाइप केलं तर दुसरी तार. स्वतः मांडायला लागल्यावर कळलं, की खरं कौशल्य काय छापायचं नाही हे ठरवण्यात आहे. प्रत्येक सुराला बोट, तार, पोझिशन, अक्षर असं सगळं लावलं की पान मुंग्या लागल्यासारखं दिसतं. रोमन दोन एकदा लिहिला की पुढच्या बोटांचे अर्धे आकडे आपोआप कळतात. एकदा दाखवलेली ओळ पुन्हा आली तर आकडे लागत नाहीत. आकडा पाच रेघांच्या रेघेवर बसला तर रेघ त्याला मधोमध चिरते, म्हणून तिथे थोडी पांढरी जागा सोडायची. आणि बोटाच्या आकड्याआधी छोटी आडवी रेघ असेल तर ते बोट तारेवरून न उचलता सरकत आलंय. एवढीशी रेघ, पण ती छापली तर मुलाचा आठवडा वाचतो.

राहिले दोन दोन. चारच्या डोक्यावरचा म्हणजे एका बारमध्ये दोन मात्रा. कंसाखालचा म्हणजे पहिल्यांदा वाजवताना एकचा कंस आणि दुसऱ्यांदा तो गाळून थेट दोनचा कंस. बरं झालं त्या पानावर कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून पट्टी चढवणारा चिमटा) नव्हता, नाहीतर 'कॅपो २' हा सातवा निघाला असता. कॅपो आजोबांना समजवावा लागला नाही. पट्टी बदलली की स्वरलिपी बदलत नाही, एवढंच ते म्हणाले.

गेल्या रविवारी ते पानाची झेरॉक्स घेऊन आले. खडूच्या पेटीतले सहा रंग घेऊन सगळे दोन रंगवले होते: बोटं हिरवी, तारा निळ्या, फ्रेट तांबडे, असं. एक दोन मात्र आधी हिरवा केलेला, मग खोडून निळा. मी म्हटलं, गोल नाही, म्हणजे बोट. त्यांनी मान हलवली.

"आधी मलाही तसंच वाटलं. पण ह्या सुराच्या डावीकडे चार आहे, म्हणजे करंगळी. एका सुराला दोन बोटं कशाला लागतील? आणि वर रोमन दोन आहे, म्हणजे करंगळी पाचव्या फ्रेटवर. सूर आहे वरची पांढरी तीन. पाचव्या फ्रेटवर ती कुठल्या तारेवर येते, ते तुम्हीच सांगितलं होतं."

मी माझं मूळ पान काढून पाहिलं. दोनभोवती गोल होता. झेरॉक्समध्ये उडाला होता.